अधिक तपशील द्या

१

दोष काकांचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे कुणाला त्यांची कीव येण्याची शक्यता आहे, आणि कीव करावी असं त्या माणसाने उभ्या आयुष्यात काही केलेलं नाही.

काका म्हणजे, ही गोष्ट ज्याची आहे त्याच्या वडिलांचे थोरले भाऊ. एका खात्यात चौतीस वर्षं त्यांनी लोकांचे अर्ज तपासले आणि त्यांच्यावर लाल शाईने 'अपूर्ण, परत' असं लिहिलं. लग्न केलं नाही. बहुधा आलेली स्थळंही अपूर्ण म्हणून परत गेली असावीत. निवृत्त झाल्यावर ते भावाच्या घरी पुढच्या खोलीत राहायला आले. बरोबर एक पत्र्याची ट्रंक आणि एक चष्मा. त्याची डावी काडी तुटली तेव्हा त्यांनी ती पांढऱ्या दोऱ्याने बांधून टाकली होती, आणि तो दोरा आता काळा पडला होता. परत पाठवायला अर्ज उरले नव्हते, म्हणून त्यांनी पुतण्याला हातात घेतलं.

पुतण्याने इंजिनियरिंगचं कॉलेज तिसऱ्या वर्षाला सोडलं होतं. तिथे शिकवणाऱ्यांना काही येत नव्हतं आणि जे येत नव्हतं तेच ते मोठ्या आवाजात शिकवत होते, असं त्याचं म्हणणं. घरात ते म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायला कुणाला वेळ झाला नाही. काकांनी त्याचं नाव 'साहेब' ठेवलं. साहेब उठले का, साहेबांना चहा द्या, साहेब थकलेत. पाहुण्यांसमोर आणि पाहुणे नसतानाही.

एका मंगळवारी दुपारी, साहेब झोपलेले असताना, 'नोकरी हवी आहे का?' असं विचारणाऱ्या प्रत्येक ठिकाणी काकांनी त्याचा ई-मेलचा पत्ता भरला. जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज अडवलेला माणूस; स्वतः भरायला मिळाल्यावर त्यांचा हात थांबेना. कुठलंही काम चालेल? हो. कुठेही? हो. सर्व अटी मान्य? हो. अटी वाचल्या नाहीत. दुसऱ्यांच्या अर्जातला स्वल्पविरामही न सोडणारा माणूस, पण स्वतःवर वेळ आली तेव्हा खालपर्यंत बोट सरकवून मोकळा झाला.

२

दुसऱ्या दिवसापासून मेल यायला लागले. सकाळी डोळे उघडायच्या आत साठ. 'प्रिय उमेदवार, ही संधी खास आपल्यासाठी.' गोदामावरच्या रखवालदाराची एकच जागा खास त्याच्यासाठी अकरा वेळा आली. दंतवैद्य हवा होता, क्रेन चालवणारा हवा होता, अनुभवी सुईण हवी होती. प्रत्येक मेलच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असे की हे मेल नको असल्यास इथे दाबा. त्याने दाबलं. त्यानंतर दिलगिरीचे मेल सुरू झाले, ते वेगळे.

त्या उकिरड्यात एक काम खरं निघालं. गुप्त ग्राहकाचं. दुकानात साधं गिऱ्हाईक बनून जायचं, तिथले नोकर कसे वागतात ते बघायचं आणि बाहेर पडल्यावर कंपनीला बेचाळीस प्रश्नांचा रिपोर्ट भरून द्यायचा. आपण कोण ते कुणाला सांगायचं नाही, एवढीच अट. लोकांना नावं ठेवायचं काम तो घरी फुकट करतच होता. त्याने होकार कळवला.

मग ते अंगवळणी पडलं. खिशात हात घालून घड्याळ सुरू करायचं आणि चपलांच्या, चादरींच्या, भिंगांच्या दुकानात शिरायचं. तीस सेकंदांच्या आत कुणी दखल घेतली का? नजरेला नजर दिली का? हसताना दात दिसले का? नाव विचारून ते बोलण्यात दोनदा घेतलं का? निघताना 'आणखी काही मदत हवी आहे का' असं विचारलं का? हे सगळं डोक्यात धरून सार्वजनिक शौचालयात जायचं, कडी लावायची आणि विसरायच्या आत उभ्याउभ्या लिहून काढायचं. त्या शहरातली शौचालयं त्याला तोंडपाठ झाली.

आणि रिपोर्ट परत यायचा. 'सुमारे दहा सेकंद' लिहिलं म्हणून परत. फोटोत अंगठा आला म्हणून परत. 'हसू बरं होतं' म्हणजे काय, म्हणून परत. परत आलेल्या रिपोर्टाचा मोबदला नाही, आणि तपासणाऱ्या एडिटरला नाव नाही. खाली लाल अक्षरांत एकच ओळ: अधिक तपशील द्या. फोन केला तर बासरी वाजायची. पंचवीस मिनिटं बासरी ऐकवून फोन आपोआप बंद व्हायचा. नोकर नीट वागतात की नाही ते बघायला ठेवलेल्या माणसाशी नीट वागायचं, हे त्या कंपनीच्या बेचाळीस प्रश्नांत कुठेच बसत नव्हतं.

३

एकदा तो गेलाच नाही. चपलांचं दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि रिपोर्ट परतच येणार होता. मग ऊन कशाला खायचं? पलंगावर लोळत, भिंतीला पाय लावून, त्याने तो रचायला घेतला.

नवव्या प्रश्नाशी अडलं. कर्मचाऱ्याचं वर्णन करा. दार अर्धं उघडं होतं आणि पुढच्या खोलीत काका फोनवर कुणाला तरी ऐकवत होते की आमच्याकडे साहेब आहेत, पण साहेबांना हापिस मिळत नाही. त्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि लिहायला लागला. वय बासष्ट. केसांना इतकं तेल की उशी वेगळी ओळखता येते. चष्म्याची डावी काडी दोऱ्याने बांधलेली. गिऱ्हाईकाचं वाक्य पुरं होऊ देत नाही. विचारलेल्या गोष्टीपेक्षा शेजाऱ्याचा मुलगा काय करतो तेच जास्त सांगतो. दखल घेतली का? हो, टोमण्याने. हसला का? हो, पण दुसऱ्याचं नुकसान झाल्यावर.

हात थांबेना. चौतीस ओळी झाल्या. असं त्याने कॉलेजातही कधी लिहिलं नव्हतं.

आठ मिनिटांत उत्तर आलं. मान्य. दहापैकी दहा. खाली, या वेळी हिरव्या अक्षरांत: 'उत्कृष्ट तपशील. माणूस डोळ्यांसमोर उभा राहिला. असंच लिहीत राहा.'

हे त्याने तीनदा वाचलं. दोन वर्षांत त्याला कुणी 'असंच करत राहा' म्हटलं नव्हतं.

४

चौथ्या दिवशी तो बाहेरून आला. काका खुर्चीत बसले होते. ते उठले.

ते कधी उठत नसत. घराला आग लागली असती तरी त्यांनी बसल्या जागेवरून कोण कुठे चुकलं ते सांगितलं असतं. पण ते उठले, दोन पावलं पुढे आले, त्याच्या डोळ्यांत बघून हसले आणि म्हणाले, "नमस्कार. या, या. बाहेर फार ऊन आहे का?" मग त्यांनी त्याचं नाव घेतलं. साहेब नाही, नाव. थोड्या वेळाने पुन्हा एकदा घेतलं.

त्याला वाटलं, हा नवा टोमणा. या घरात टोमण्यांना तोटा नव्हता. माणसं पाणी मागायचीसुद्धा टोमण्यात. तो म्हणाला, "झालं का नाटक? बसा आता." काका बसले नाहीत. त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबले, मान हलवली आणि विचारलं, "आणखी काही मदत हवी आहे का?"

त्याने जेवताना ताईला फोन करून हे सांगितलं. ताई लग्न होऊन दूर गेली होती आणि लांबूनच सगळ्यांवर माया करत होती. ती म्हणाली की वय झालंय, निवळले असतील, तुला तेही खुपतं का? आईला विचारलं तर ती म्हणाली, "भावोजी दोन दिवस शहाण्यासारखे वागतायत. दृष्ट लावू नकोस."

असेलही. माणसं निवळतात. पण दुसऱ्या दिवशी त्याने खिशात घड्याळ सुरू करून दार उघडलं. सात सेकंद. बाहेर जाऊन परत आला. सात सेकंद. पाचव्यांदा आला तरी काका तसेच उठले, तितकेच हसले, तितकेच दात दिसले. थकले नाहीत आणि वेड लागलंय का, असंही विचारलं नाही. तेव्हा त्याचं लक्ष चष्म्याकडे गेलं. डावी काडी धड होती. दोरा नव्हता. आणि दुरुस्ती म्हणावी तर तुटल्याची खूणही नव्हती.

संध्याकाळी एका चादरींच्या दुकानाचा रिपोर्ट परत आला. या दुकानात तो खरोखर गेला होता. खाली लाल ओळ होती, पण नेहमीची नव्हती.

'अपूर्ण, परत. साहेब, एवढं बारकं कामही जमेना का?'

त्याने फोन पालथा ठेवला. पुढच्या खोलीत काका शांत बसले होते. त्यांच्या हातात फोन नव्हता. तो त्यांनी गेल्या दोन-तीन दिवसांत उचललेलाच नव्हता.

५

माणसाची बुद्धी अशा वेळी वकिलासारखी वागते. त्याच्या बुद्धीने तीन कारणं काढून दिली. काकांनी त्याच्या फोनमधला रिपोर्ट वाचला आणि आता ते सूड उगवतायत. किंवा एडिटर म्हणून बसलेला कुणी सगळ्यांनाच साहेब म्हणतो. किंवा चष्मा नवा केला. तिन्ही कारणं चालण्यासारखी होती, आणि त्याने ती चालवून घेतली.

मग बाबांशी वाजलं. बाबा छापखान्यात फोरमन. यंत्रांच्या आवाजात तीस वर्षं ओरडून त्यांचा घसा घरीही त्याच पट्टीत चाले, आणि नखांत बसलेली काळी शाई कुठल्याच साबणाने जात नसे. त्या दिवशी त्यांनी ताटावर बसल्याबसल्या विचारलं की पुढे काय ठरवलंय. तो म्हणाला, काम करतोय. बाबा खाकरले. वाईट बोलण्याआधी ते नेहमी खाकरत. म्हणाले, "दारातली पायपुसणी तुझ्यापेक्षा कामाची. निदान पडल्या जागी उपयोगी पडते."

आईने भांडं आपटलं. काका गोड हसून म्हणाले की दोघांचंही म्हणणं महत्त्वाचं आहे.

तो उठून आपल्या खोलीत गेला आणि बाबांना लिहून काढलं. दुकान हार्डवेअरचं होतं, तो तिथे गेला नव्हता. कर्मचारी: वय सत्तावन्न, खांदे पडलेले, नखांत शाई. ग्राहकाकडे न बघता बोलतो. बोलण्याआधी खाकरतो. आपल्याला आयुष्यात जे जमलं नाही ते समोरच्याने करून दाखवावं अशी याची अपेक्षा, आणि नाही दाखवलं तर अपमान. चार मिनिटांत मान्य झाला. हिरवी अक्षरं. ती हिरवी अक्षरं डोक्यात चढली आणि त्याच बैठकीत त्याने आणखी एक रिपोर्ट उघडला, कपड्यांना इस्त्री करून देणाऱ्या एका दुकानाचा.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. तिच्या उजव्या सपातेचा पट्टा तुटला होता. आई ती न टाकता फरफटत वापरायची. फट्-घस्स, फट्-घस्स. घरात ती कुठे आहे ते आंधळ्यालाही कळलं असतं. "जेवला नाहीस. भरल्या ताटावरून उठतात का मेल्या? ताट झाकून ठेवलंय," असं ती पोलिसी आवाजात म्हणाली, कप आपटला, आणि फट्-घस्स निघून गेली.

त्याला माणूस हवाच होता. त्याने तिला घातलं. कर्मचारी: बाई, वय त्रेपन्न, तुटकी सपात. ग्राहकावर ओरडते. मुलगा काहीतरी कोर्स करतोय असं जगाला खोटं सांगते. दर दोन तासांनी जेवलास का विचारते, जसा काही समोरच्याने गुन्हा केलाय. नऊ ओळींत उरकलं. खरं सांगायचं तर तिच्याबद्दल फार काही ठाऊक नव्हतं. आईकडे कोण निरखून बघतो?

तो परत आला. 'अपूर्ण. प्रश्न एकतीस: ही व्यक्ती आपलं काम मनापासून करते का? अधिक तपशील द्या. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत न दिल्यास आम्ही भरून घेऊ.'

६

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खोलीबाहेर आला तेव्हा बाबा उभे होते. जणू तिथेच वाट बघत होते. ते हसले. बाबांचे पुढचे दात एवढे सरळ आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं.

"सुप्रभात. झोप झाली का तुमची?"

तुमची. बाप मुलाला.

त्यांनी त्याचं नाव घेतलं, कॉलेज सोडण्याचा त्याचा निर्णय आपण समजू शकतो असं म्हणाले, आणि पुन्हा नाव घेतलं. जे ऐकायला तो दोन वर्षं टपला होता ते सगळं त्यांनी पाऊण मिनिटात म्हणून टाकलं. आवाज खाली होता. एकदाही खाकरले नाहीत. त्याने त्यांचे हात धरले आणि बोटं उलटीपालटी करून पाहिली. नखं गुलाबी होती, लहान मुलाच्या नखांसारखी. बाबांनी हात सोडवून घेतला नाही. तो सोडेपर्यंत तसाच धरू दिला, आणि विचारलं, "आणखी काही मदत हवी आहे का?"

पुढच्या खोलीतून काकांनी मान वाकवून त्याच्याकडे पाहिलं. तेच हसू.

स्वयंपाकघरातून फट्-घस्स ऐकू आलं. आई अजून होती.

ती ओट्याशी उभी होती, कढईकडे बघत. तिने मान न वळवता हळू आवाजात विचारलं, "ह्यांना काय झालंय रे? काल रात्री मला म्हणाले, तुमच्या स्वयंपाकाबद्दल आभारी आहोत. तीस वर्षांत मीठ कमी आहे याखेरीज एक शब्द नाही. मला भीती वाटली." मग तिला स्वतःच्या भीतीचाच राग आला. "आणि तू काय बघतोस खांबासारखा? तोंड धू."

त्याने फोन काढला. रिपोर्ट मागे घ्यायचं बटण नव्हतं. त्याने मेल लिहिला. 'या पत्त्यावर आलेले मेल वाचले जात नाहीत' असं तत्काळ उत्तर आलं, आणि त्यामागोमाग सव्वीस नव्या संधी. फोन केला. बासरी. बासरीच्या मागे, फार लांब, कुणीतरी खाकरलं.

मेलच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत कंपनीचा पत्ता होता. इतके दिवस तो त्याने कधी वाचला नव्हता. काकांनी अटी वाचल्या नाहीत, त्याने पत्ता वाचला नाही. घराण्याची रीतच ती.

७

तीन मजली इमारत. खाली दातांचा दवाखाना, वर टायपिंगचा बंद पडलेला वर्ग, आणि त्याच्याही वर कंपनी. दुपारचे चार वाजले होते. मुदत पाचला संपत होती.

दार उघडताच काउंटरमागची बाई उठली. त्याच्या तोंडातून आपोआप आकडा निघाला: तीन सेकंद. ती हसली. त्याने एका दमात सगळं सांगितलं, आपण कोण, कुठला रिपोर्ट, तो कसा पलंगावर लोळत रचलेला आहे, आणि तो रद्द झालाच पाहिजे. तिने मधे एकदाही तोंड घातलं नाही.

"गुप्त ग्राहकाने ओळख द्यायची नसते," ती म्हणाली. "पण हरकत नाही. रिपोर्ट रद्द होत नाही. पूर्ण होतो."

"अटीत असं काही नव्हतं."

"अटी मान्य केलेल्या आहेत."

"मी नाही केल्या. माझ्या काकांनी केल्या."

"हो, त्यांनीच," ती म्हणाली. "ते आता आमच्याकडेच असतात."

काउंटरच्या डाव्या हाताला दार होतं आणि दाराला छातीच्या उंचीवर वीतभर काच. आतून कागद उलटल्यासारखा आवाज येत होता, पुष्कळ कागद, एका लयीत. तो वाकला.

लांबट खोली. रांगेने टेबलं, भिंतीकडे तोंड करून. पाठी दिसत होत्या, म्हाताऱ्या पाठी, गबाळ्या, पोक काढलेल्या, बनियनवरच्या, शालीतल्या. प्रत्येकाच्या हाताशी लाल पेन. जवळच्या टेबलावरच्या माणसाने कागद दूर धरून वाचला, मान नापसंतीने हलवली, आणि चष्मा वर सरकवायला डोकं जरा वळवलं. डाव्या काडीला काळा पडलेला दोरा होता.

त्याने दाराकडे पाठ केली आणि घरी फोन लावला. दुसऱ्या घंटेला उचलला गेला. "नमस्कार," काका म्हणाले, "मी आपली काय मदत करू शकतो?" त्याने पुन्हा काचेतून पाहिलं. काचेपलीकडच्या माणसाचे ओठ मिटलेले होते. तो लिहीत होता. शेजारी खांदे पडलेला एक माणूस तोंडावर मूठ धरून खाकरला. मुठीच्या नखांवर काळं होतं. त्याच्या पलीकडची खुर्ची रिकामी होती. एक शिपाई ती ओल्या फडक्याने पुसत होता.

तो ओरडला असं त्याला वाटतं. दारावर मारलंही. एकाही पाठीने मान वळवली नाही. जन्मभर हाक मारली की आधी कुरकुर करणारी माणसं ती. कुरकुरसुद्धा केली नाही.

बाईने काउंटरवर कागद सरकवला. प्रश्न एकतीस. खाली कोऱ्या ओळी. "तुम्ही नाही भरलं तर पाचला आम्ही भरू," ती म्हणाली. "तुम्ही भरलंत तर निदान तुमच्या मनासारखं होईल."

इथे त्याने ते केलं, जे फक्त त्याच्यासारखा अर्धवट शिकलेला हुशार माणूस करतो. त्याला वाटलं, वाईट शेरा पडलेली माणसं इथे आणतात. म्हणजे चांगला शेरा पडला तर आणणार नाहीत. बाबांना आणि काकांना आपण शिव्या घातल्या म्हणून ते गेले. हिला दहापैकी दहा देऊ, हिच्यात सुधारायला काही नाहीच असं लिहू.

आणि त्याने लिहिलं. ही बाई काम मनापासून करते. ओरडते ते समोरचा उपाशी राहिला तर तिला झोप लागत नाही म्हणून. तुटकी सपात वापरते कारण नवीन घ्यायची म्हटलं की तिला घरात दुसऱ्या कुणाचं तरी काही आणायचं राहिलेलं आठवतं. कोर्सचं खोटं सांगते तेव्हा तिचा डावा कान लाल होतो. त्याच्या कॉलेजची वही तिने रद्दीत जाऊ दिली नाही. पिठाच्या डब्याखाली ठेवली आहे आणि ते कुणाला ठाऊक नाही असं तिला वाटतं. ताट झाकते ते दुसऱ्या ताटाने, आणि वर वाटी ठेवते, मांजराने पाडलं तर आवाज व्हावा म्हणून. रडते तेव्हा नळ सोडते. हे सगळं त्याला ठाऊक होतं, हे लिहीपर्यंत त्याला ठाऊक नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तो घरातल्या मोठ्या माणसाबद्दल चांगलं लिहीत होता आणि हात थांबत नव्हता. पाठीमागची बाजू भरली. बाईने न मागता आणखी एक कागद दिला.

पाचला पाच कमी असताना तिने कागद वाचायला घेतले. शेवटपर्यंत वाचले. मग त्याच्याकडे बघून हसली, आणि ते हसू, त्याला शपथेवर सांगता येईल, खरं होतं.

"उत्कृष्ट तपशील," ती म्हणाली. "आम्हाला एवढंच कमी पडत होतं."

८

जिना चढताना तो कान देऊन होता. दार उघडलं. काका उठले, बाबा उठले. स्वयंपाकघरातून काही आवाज नाही.

मग ती दारात आली. आली तेव्हा कळलंच नाही. पायांत नव्या सपाता होत्या. तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं, हसली आणि त्याचं नाव घेतलं.

"तुम्ही जेवलात का?"

विचारून ती उत्तराची वाट बघत थांबली. तो गप्प राहिला, पाच मिनिटं, दहा मिनिटं, तरी तिचा आवाज चढला नाही. टेबलावर ताट होतं. त्यावर झाकण नव्हतं.

तो पिठाच्या डब्याकडे गेला आणि डबा उचलला. खाली फरशी स्वच्छ पुसलेली होती.

ताई महिन्याने येऊन गेली. तिला घर फार आवडलं. सगळे किती सुधारलेत, ती म्हणाली, फक्त तूच तसाच राहिलास. त्याने तिला काही सांगितलं नाही. सांगताना तपशील द्यावा लागला असता.

तो अजून तेच काम करतो. रोज साठ मेल येतात आणि तो प्रत्येक काम घेतो. खरोखर दुकानात जातो, पण रिपोर्ट मुद्दाम गचाळ लिहितो. सुमारे दहा सेकंद. हसू बरं होतं. फोटोत अंगठा घालतो. मग पलंगावर बसून वाट बघतो. बहुतेक रिपोर्ट काकांकडे जातात आणि 'साहेब' म्हणून परत येतात. काही बाबांकडे, त्यात पायपुसणी असते. पण दहाबारांतून एक तिच्या टेबलावर पडतो. काल असा एक आला.

'अपूर्ण. हे काय लिहिलंस मेल्या? लक्ष कुठे असतं तुझं? आधी जेवलास का ते सांग. अधिक तपशील द्या.'

त्याने उत्तर लिहिलं की जेवलो. ते परत आलं. या पत्त्यावर आलेले मेल वाचले जात नाहीत.

काकांनी एका मंगळवारी दुपारी एक पत्ता भरला. त्यात त्याची आई गेली.